फ्रीजरमधली हिमनदी

संभाजीनगरातल्या आमच्या गारखेड्याच्या घरी फ्रीजरमध्ये दर वर्षी आठवडाभर स्टीलचा एक डबा असायचा आणि त्याला हात लावायची कोणालाही परवानगी नसायची. डब्यात पाणी, आणि पाण्यात शेजारच्या बांधकामावरून उचलून आणलेली मूठभर खडी. पाणी गोठलं की खडी त्यात घट्ट अडकून बसायची. ही माझ्या आईची हिमनदी. आई चिकलठाण्याच्या पुढे, जालना रस्त्यावरच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवायची. हिमनदीचा धडा असला की हा डबा ती जुन्या टॉवेलात गुंडाळून स्कूटीवरून न्यायची, वर्गात बर्फाचा ठोकळा बाहेर काढायची आणि साबणाच्या ओल्या वडीवरून दाबून ओढायची. साबणावर ओरखडे उठायचे. मग ती म्हणायची, "डोंगराला बर्फ कापत नाही, बर्फात अडकलेले दगड कापतात. या, हात लावून बघा." सगळा वर्ग रांगेनं येऊन हात लावून जायचा.

हे सगळं मला तिच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून कळलेलं. भाजी मंडईत, बँकेत, पेट्रोल पंपावर कोणीतरी भेटायचंच आणि मला सांगायचं, तुझ्या आईनं आम्हाला बर्फाला हात लावायला दिला होता. मी मात्र तिच्या वर्गात एकदाही बसले नाही. मराठी शाळेतल्या बाईंनी स्वतःच्या मुलीला इंग्रजी शाळेत घातलं होतं. यावर आमच्याकडे कधी चर्चा झाली नाही. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

परवानगी नसण्याला कारण बाबा. एकदा वाळूजच्या कारखान्यात पहिल्या पाळीत काम करून ते ऑक्टोबरच्या उन्हात घरी आले, लिंबू सरबत केलं आणि समोर दिसला त्या डब्यातला बर्फ फोडून ग्लासात टाकला. दाढेचा टवका उडाला. आईनं आधी दाढ बघितली नाही, डबा बघितला. "उद्या माझा धडा आहे आन् तुम्ही हिमनदी पिऊन बसलात!" असं ती इतकी कळवळून म्हणाली, की बाबांनी गाल धरून रात्रीसाठी पुन्हा पाणी लावलं. तेव्हापासून डब्यावर कागद चिकटवलेला असायचा. कागदावर फक्त 'नाही' असं लिहिलेलं.

निवृत्तीच्या वर्षी तिनं तो धडा शेवटचा घेतला आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीनं तिला विचारलं, "मॅडम, तुम्ही बघितली का हो हिमनदी?" आईनं घरी येऊन हे हसत हसत सांगितलं. जेवताना परत सांगितलं. मग मावशीला फोनवर सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे तिला आतून लागलेलं आहे. बाबा म्हणाले, "अगं, लेकरू आहे, विचारलं असंल सहज."

"सहजच विचारलं. पण बरोबरच विचारलं ना तिनं," आई म्हणाली. "तीस वर्षं मी जे बघितलंच नाय ते शिकवत बसले. पुस्तकात लिहिलंय म्हणून. चुकीचं शिकवलं असंल तर?"

तिला कोणाचंही 'नाही हो' ऐकायचं नव्हतं. तिला बघायचं होतं. बघायचं म्हणजे हात लावायचा होता, कारण तिच्या हिशेबी हात लावल्याशिवाय बघणं पुरं होत नाही. शहरातल्याच एका यात्रा कंपनीची युरोपची ग्रुप टूर तिनं ठरवली. बाबांनी पहिल्याच दिवशी हात वर केले. त्यांना विमानाची भीती वाटते, पण त्यांनी कंपनीच्या शटडाऊनचं कारण पुढे केलं. राहिले मी.

मी तेव्हा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि माझ्या आयुष्यात श्वास घ्यायला जागा नव्हती. सकाळी सहाला वाळूजची बस, एका कारखान्यात इंटर्नशिप, दुपारी कॉलेज, संध्याकाळी प्रोजेक्टवाल्यांशी भांडण, मग असाइनमेंट. आंघोळ करताना मी सूत्रं पाठ करायचे. रविवारी झोपायचे आणि झोपेत सबमिशन करायचे. आई म्हणायची, तू घरात राहतेस का येऊन-जाऊन असतेस? आणि आता त्यात बारा दिवस युरोप. मैत्रिणी जळल्या, मी चिडले. कारण इंटर्नशिपचं सादरीकरण नेमकं त्याच बारा दिवसांत आलं होतं. सरांनी मोठ्या मनानं सांगितलं, "ऑनलाइन दे. पण बाहेरचे परीक्षक आहेत. गैरहजर राहिलीस तर एटीकेटी." म्हणून मी युरोपला निघाले ते लॅपटॉप, चार्जर आणि कपाळावर आठी घेऊन.

आईनं चिवडा भरून घेतला होता. डबा बघितला तर तोच, फ्रीजरमधला.

ग्रुपमध्ये आम्ही छत्तीस जण. संभाजीनगरचे, जालन्याचे, काही बीडकडचे. पुढे छत्री उंच धरून चालणारी आमची टूर मॅनेजर ताई, तिच्या मागे टोप्या, मफलर आणि खाकऱ्याची पाकिटं. त्यात एक काका होते, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आयफेल टॉवर अर्ध्या मिनिटात बघून संपवला. बस मात्र त्यांनी बारा दिवस बघितली. ते कायम ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत आणि त्याचे हात बघत. दर काही तासांनी तो गोरा ड्रायव्हर गाडी बाजूला घेऊन थांबायचा, नियमच तसा, इंजिन बंद करून पाऊण तास विश्रांती. पहिल्या दिवशी हे कळल्यावर काकांनी टोपी काढून हातात घेतली. "म्हंजे ह्याला झोप आली तर हा झोपू शकतो?" ते आईला म्हणाले. "कायद्यानं? आमची हाडं मोडली हो, मॅडम." आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला हसू आलं होतं, ते मी आवरलं.

आईचं बघणं निराळंच होतं. हॉलंडमध्ये सगळे ट्यूलिपबरोबर फोटो काढत होते आणि ही एका कालव्याच्या बांधाखाली उभी राहून हात वर करत होती. "ए, इकडं ये. आत्ता हा बांध नसता ना, तर समुद्र इथं असता," असं म्हणत तिनं डोक्यावर वीतभर हात धरला. "आपण दोघी समुद्राच्या तळाशी उभ्या आहोत." मी वर बघितलं. वर ढग होते, एक बगळ्यासारखा पक्षी होता, आणि बांधाच्या वरच्या कडेनं एक बोट चालली होती. बोट आमच्या डोक्यावरून गेली. तीन वर्षं मी पंप आणि झडपा शिकत होते, पण एक अख्खा देश पंपावर उभा आहे हे मला कोणी असं डोक्यावर हात धरून सांगितलं नव्हतं.

स्वित्झर्लंडमध्ये तर कमाल झाली. बस एका दरीत शिरली, दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे, मध्ये सपाट हिरवा तळ. आई सीटवरून अर्धी उठली. "यू आकार. बघ, यू! नदीनं केली असती तर व्ही झाली असती. आता डावीकडं, वरच्या अंगाला, एक लहान दरी मध्येच तुटलेली दिसंल. लोंबती दरी. तिथून पाणी पडत असंल."

"आई, हळू," मी म्हणाले. लोक बघत होते.

बस वळली. डावीकडे, उंच कड्यावर, एक लहान दरी मध्येच तुटली होती आणि तिथून पांढरं पाणी थेट खाली पडत होतं, इतक्या उंचावरून की खाली पोचेपर्यंत त्याचा नुसता धूर होत होता. मग काका मागे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही पयले येऊन गेलात व्हय?"

"नाय हो," आई म्हणाली. "फळ्यावर काढायची मी ही."

माझी लाज कुठे गेली कोण जाणे. मी तिच्याकडे बघत राहिले. हिनं पैठणच्या पुढचं जग असं कधी बघितलं नव्हतं, आणि हिला पुढच्या वळणावर काय आहे ते माहीत होतं. त्यानंतर मागच्या सीटवरच्या काकू विचारायला लागल्या, मॅडम, हे काय, ते काय. आई सांगायची आणि प्रत्येक वेळी शेवटी हळूच म्हणायची, "पुस्तकात तरी तसंच आहे."

आमचं हॉटेल एका लहान गावात होतं. गावाच्या चौकात दगडी हौद, आणि हौदात नळातून मनगटाएवढी धार पडत होती. हौद भरून वाहत होता, पाणी गटारात चाललं होतं. ज्यांच्या घरी नळाला पाणी येतं त्या दिवशी सुट्टी टाकावी लागते, ते छत्तीस लोक हे कसं बघून सोडतील? आई धावली. काका धावले. "कोणीतरी चालू ठेवून गेलंय!" दोघं वाकून तोटी शोधायला लागले. आणखी चार जण आले. नळ पितळेचा, सुंदर, पण तोटी कुठेच नाही. काकांनी शेवटी खिशातला रुमाल काढून बोळा करून नळात कोंबला. बोळा त्यांच्याच तोंडावर उडाला. समोरच्या घरातून एक गोरी आजी आली. आमचं काहीतरी हरवलं असं समजून तीही बिचारी वाकून शोधायला लागली. आईनं हातानं तोटी फिरवल्याची खूण केली तेव्हा कुठे तिला उमगलं. ती इतकी हसली की तिला हौदाच्या कडेवर बसावं लागलं. मग तिनं मान हलवली, दोन्ही हात पसरले आणि मागच्या डोंगराकडे बोट केलं. तोटी नव्हतीच. हे पाणी बंद होतच नाही.

"बंदच होत नाय?" आई म्हणाली. ती बराच वेळ धारेखाली हात धरून उभी होती. मग आम्ही ग्रुपमधल्या सगळ्यांच्या बाटल्या आणून भरल्या, कारण त्याशिवाय तिथून कोणाचाच पाय निघेना.

दुसऱ्या दिवशी केबल कारनं एका शिखरावर जायचं होतं. सकाळी ताईनं पडलेल्या चेहऱ्यानं सांगितलं, वर वारा आहे, केबल कार बंद. लोक चिडले. एवढ्या लांब आलो आणि बर्फात खेळायचं नाही! ताई म्हणाली, त्याऐवजी एका दरीत नेते, तिथे पायी चालत हिमनदीच्या तोंडापर्यंत जाता येतं. बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली. आईनं माझा दंड धरला. वरून बर्फ बघणं वेगळं आणि हिमनदीचं तोंड वेगळं. धड्यातलं चित्र तोंडाचंच होतं. तिला जे हवं होतं ते वारा सुटल्यामुळे आपोआप समोर आलं होतं.

आणि माझं सादरीकरण त्याच वेळी होतं. भारतात दुपारचे दोन म्हणजे तिथे सकाळचे साडेदहा.

बस दहाला पोचली. वाटेच्या सुरुवातीला एक कॅफे होता, तिथे वायफाय चांगलं होतं. ताईनं दोन तास दिले आणि बजावलं, बारा म्हणजे बारा, पुढच्या गावात जेवण सांगितलंय. मी आईला म्हणाले, "तू काकांबरोबर हो पुढे. माझा नंबर सातवा आहे. झालं की पळत येते."

"नाय आलीस तरी चालंल," ती म्हणाली. "परीक्षा आधी." ती हे खरंच मनापासून म्हणाली. आयुष्यभर तिनं हेच सांगितलं होतं. पर्स खांद्याला, पर्समध्ये चिवड्याचा अर्धा रिकामा डबा, गुडघ्यांना पट्टे. ती त्या वाटेनं निघाली आणि मी लॅपटॉप उघडला.

परीक्षक उशिरा आले. पहिल्या मुलाचा आवाज येईना. दुसरीची स्क्रीन दिसेना. मी खिडकीतून बघत होते. ग्रुपमधले बरेच जण शंभर पावलं जाऊन, फोटो काढून, परत येऊन कॉफी पीत होते. "कुठं काय आहे हो, नुसते दगड," असं एक काकू म्हणाल्या. सव्वाअकरा झाले. स्क्रीनवर चौथा मुलगा वाळूजच्या कुठल्याशा मशीनचा आलेख दाखवत होता. तेवढ्यात काका दारात आले, धापा टाकत.

"पोरी, तुझी आई मधीच बसली. गुडघं बोलायला लागलं तिचं. बर्फ लई लांब आहे. मी म्हणलं चला माघारी, तर नाय म्हणते. नुस्ती बसली."

माझ्यापुढे अजून दोघं होते. पाऊण तास तरी. मी स्क्रीनकडे बघितलं. खरं सांगते, मी त्यागबिग काही केला नाही, मला राग आला. त्या आलेखाचा, त्या दोनच्या वेळेचा, वर्षभर ज्या गाडीला मी लटकले होते तिचाच. मी 'सर, अडचण आहे, क्षमस्व' एवढं टाइप केलं आणि लॅपटॉप बंद करून काकूंच्या मांडीवर ठेवला.

वाटेच्या कडेला ठरावीक अंतरावर पाट्या होत्या. प्रत्येक पाटीवर फक्त एक साल. पहिल्या दोन-तीन मी बघितल्याही नाहीत. मग एक पाटी दिसली, आजोबांच्या जन्माच्या आसपासची, आणि मला कळलं. त्या त्या साली बर्फ तिथपर्यंत होता. मी जिथे चालत होते, जिथे आता गवत होतं, फुलं होती, माणसाच्या उंचीची झाडं होती, तिथे माझ्या डोक्यावर कितीतरी उंच बर्फ होता. मी चालता चालता वर बघितलं, हॉलंडमध्ये बघितलं होतं तसं.

आई एका पाटीशी, गुळगुळीत घासलेल्या खडकावर बसली होती. त्या पाटीवर ती नोकरीला लागली ते साल होतं.

"मेषशिला. हिमनदीनं घासलेला खडक," ती बसल्या खडकावर थाप मारून म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. "परीक्षा झाली?"

"झाली," मी म्हणाले.

"खोटं बोलू नको." मग तिनं समोर बघितलं. "पुस्तकातल्या चित्रात बर्फ इथं होता गं. असाच कडा, अशीच नदी. चित्र बरोबर आहे. मी पहिल्यांदा शिकवलं तेव्हा बरोबर होतं. पण तीस वर्षं तेच चित्र दाखवत राहिले मी. हिमनदी मागं चालली होती आन् मी सांगत होते, इथं आहे, इथं आहे."

लांब, दरीच्या टोकाला, काहीतरी करड्या रंगाचं दिसत होतं. बर्फ आहे की दगड ते कळत नव्हतं. घड्याळात साडेअकरा झाले होते. तिनं गुडघ्यावर हात ठेवून उठायचा प्रयत्न केला आणि परत बसली. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. आताही ती रडत नव्हती, फक्त चष्मा पुसत होती, पुसून झाला तरी. मला फार वाईट वाटलं. एवढ्या लांब येऊन ही हात न लावताच परत जाणार.

तिनं पर्समधून डबा काढला. उरलेला चिवडा कागदावर ओतला आणि डबा माझ्या हातात दिला. "तुझे पाय चांगले आहेत. जा. मिळाला तर आण."

मी पळाले. डावीकडून माझ्या जन्माच्या सालाची पाटी गेली. मग मी शाळेत गेले ते साल. मग आम्ही गारखेड्याचं घर घेतलं ते, मग बाबांची दाढ गेली ते, मग माझी दहावी. झाडं संपली, मग झुडपं संपली, मग गवत संपलं, नुसते दगड राहिले. आईची सगळी नोकरी मी पंधरा मिनिटांत पळत ओलांडली. शेवटच्या पाटीच्याही पुढे बर्फ आणखी मागे गेलेला होता.

आणि मग ती समोर आली. मी थांबले. मला वाटलं होतं पांढरीशुभ्र असेल. ती करडी, मळकी होती, एखाद्या इमारतीएवढी उंच, आणि जिथे तडा गेला होता तिथे आत खोल निळी. असा निळा मी कुठे बघितला नाही आणि मला तो सांगताही येत नाही. तिच्यातून थंड हवा येत होती. सगळीकडून थेंब पडत होते, हजारो थेंबांचा एकच आवाज. तिच्या पोटाखालून नदी बाहेर येत होती, दुधात राख कालवावी तशा रंगाची. आत कुठेतरी कडाड् असा आवाज झाला आणि दरीभर घुमला. मी एकटी होते. मी नास्तिक आहे असं कॉलेजात सांगते, पण तिथे माझे हात आपोआप जोडले गेले. चौकातल्या हौदातलं, बंद न होणारं पाणी असल्याच कुठल्यातरी पोटातून येत होतं आणि ते पोट रोज मागे सरत होतं.

पुढे जाऊ नये म्हणून दोर बांधला होता. दोराच्या अलीकडे, नदीच्या काठाला, तुटून वाहत आलेला एक तुकडा अडकला होता. मी तो दगडानं फोडून डब्यात मावेल एवढा घेतला. तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं आणि तशीच उकिडवी बसून राहिले. बर्फात खडी होती. अगदी तशीच, तेवढ्याच आकाराची, घट्ट अडकलेली. हातात आमच्याच फ्रीजरमधला ठोकळा होता.

परत कशी आले आठवत नाही. आईच्या मांडीवर डबा ठेवला आणि झाकण काढलं. तिनं आत बघितलं, मग चष्मा वर करून परत बघितलं.

"तू खडी टाकलीस?"

"नाही गं. आहेच."

तिनं दोन्ही तळवे बर्फावर ठेवले. किती वेळ ते मला माहीत नाही. बोटं लाल झाली तरी काढेना. मग एकदम हात झटकून तिनं पर्स उघडली आणि हॉटेलातली साबणाची छोटी वडी काढली. प्रत्येक हॉटेलात तिनं ती उचलली होती, सगळ्याच काकूंनी उचलली होती. वडी बर्फाच्या पाण्यात ओली करून तिनं मेषशिलेवर ठेवली, ठोकळा दोन्ही हातांनी धरला आणि दाबून ओढला. साबणावर ओरखडे उठले. समांतर, खोल. बसल्या खडकावरही तसेच ओरखडे होते, फक्त हातभर लांबीचे. तिनं आधी साबणावरून बोट फिरवलं, मग खडकावरून.

"बरोबर शिकवलं मी," ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, त्या पाटीकडे बघून.

आम्ही परत पोचलो तेव्हा पाऊण तास उशीर झाला होता. ताई लालबुंद झाली होती, पण बस जागेवरच होती, कारण काका एक पाय जमिनीवर आणि एक पाय बसच्या पायरीवर ठेवून उभे होते. "पॅसेंजरचा पाय पायरीवर असताना गाडी हलत नसती," असं ते गोऱ्या ड्रायव्हरला शुद्ध मराठीत समजावत होते. आणि तो, का कोण जाणे, मान डोलवत होता.

बस सुटली. लोक कुरकुरत होते, जेवण चुकलं होतं. काका मागे वळले. "मॅडम, घावला का बर्फ?"

आई उठली. हलत्या बसमध्ये, एका हातानं सीटची पाठ धरून, ती छत्तीस जणांसमोर उभी राहिली. पाच मिनिटांत तिनं धडा घेतला. हिमनदी, तिनं वाहून आणलेल्या दगडांचे हिमोढ, ओरखडे. त्यात तिनं एक नवीन गोष्ट घातली, जी पुस्तकात नव्हती: त्या पाट्या. हिमनदी कुठपर्यंत होती आणि आता कुठे आहे. मग म्हणाली, "आता हात लावून बघा." डबा पुढच्या सीटवरून निघाला. काकांनी टोपी काढून हात लावला. कुरकुरणाऱ्या काकूंनी लावला. ताईनंही लावला. शेवटी गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हरनं लावला आणि त्याच्या भाषेत काहीतरी हळू आवाजात म्हणाला.

डबा परत आला तेव्हा ठोकळा लिंबाएवढा उरला होता. लॅपटॉपवर सरांचा निरोप आलेला होता, तो मी उघडला नाही. पुढे ती एटीकेटी मी सोडवली, त्यात फार सांगण्यासारखं काही नाही.

आई डब्याचं झाकण लावणार होती. मग माझ्याकडे बघून थांबली.

"तू नाय लावलास."

"अगं, मीच तर आणला."

"आणलास. वर्गात हात कुठं लावलास?" तिनं डबा माझ्यापुढे धरला. "लाव. लहानपणापासून तुला नाही-नाही म्हणले मी. चुकलंच माझं. तुला एकदा तरी वर्गात बसवायचं होतं."

मी हात लावला. बर्फ मऊ होता, त्यातली खडी टोचत होती. माझ्या आईच्या वर्गात मी शेवटची बसले, आणि रांगेत सगळ्यांच्या मागे होते. ठोकळा माझ्या हाताखाली वितळला तरी मी हात काढला नाही.